उल्काची पेन्सिल

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. लहानपणी देवी आल्या, मी जगले, तोंड तेवढं त्यांनी नेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण उल्का शिवलकरची गोष्ट माझ्या तोंडावाचून सांगता येत नाही.

उल्का माझी शाळेतली मैत्रीण. झाडगावात आमच्या दोन घरांमध्ये एक गडगा, दगडांचा बुटका बांध, तो ओलांडून तिचं माझं येणंजाणं. तिचा हात असा स्थिर, की शाळेत नकाशे सगळ्या वर्गाचे तीच काढायची. बाप वारला तेव्हा मामानं तिला राम आळीत आप्पांच्या फोटो स्टुडिओत कामाला लावलं. पुढच्या खोलीत आप्पा गिऱ्हाइकाला हनुवटी वर करायला सांगायचे. मागे पडद्याआड खिडकीपाशी एक उतरतं मेज होतं, मेजात दुधी काच, काचेखाली आरसा. आरशातून उजेड काचेवर यायचा, काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि उल्का सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल घेऊन तिच्यावर बसायची.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. गोरं तोंड तिथं काळं आणि तोंडावरचा काळा डाग तिथं काचेसारखा आरपार. उल्का त्या आरपार जागेत बारीक बारीक टिंबांनी शिसं भरायची, शेजारच्या कातडीशी मिळतं होईपर्यंत. मग कागदावर छापलं की डाग नाहीसा. याला रिटचिंग म्हणतात. छापलेल्या फोटोवर कोणी रंग फासला तर आंधळ्यालाही कळेल. निगेटिव्हवरचं काम कळत नाही.

लग्नाच्या मुली पार अंजनवेलहून आणि अलोऱ्याच्या कॉलनीतून आप्पांकडे फोटोला येत. आप्पांचा हात लागला की पोरगी खपते, अशी ख्यातीच होती. हात आप्पांचा नव्हता, पण शिक्का त्यांचा होता. उल्कानं एकदा धीर करून विचारलं, फोटोमागच्या शिक्क्यात माझंही नाव बारीक घाला ना. आप्पा माणूस वाईट नव्हता, पण धंदा तो धंदा.

"अगो उल्के, तुझं नाव घातलं म्हणजे फोटोत पेन्सिल आहे हे मीच सांगितलं. मग एक तरी पोरगी खपेल काय?"

तिचं काम दिसलं की ते फुकट गेलं, अशी त्या कामाची जात. ती मेजाकडे परत गेली, पण विसरली नाही. उल्का काही विसरणारी बाई नव्हे. राग ती लोणच्यासारखा मुरवते.

माझा स्थळासाठीचा फोटो तिनंच केला. भिकाजी, माझा नवरा, तेव्हा बोटीवर नोकरीला होता. फोटो त्याला पोचला आणि कुठल्याशा बंदरातून होकार आला. लग्नात अंतरपाट दूर झाला, त्यानं मला पाहिलं आणि नंतर हार घातला तो माझ्या खांद्यापलीकडे बघत. सासू जन्मभर म्हणायची, "फोटोतली सून खंय ठेवलंत?" मी रडत-भांडत उल्काकडे गेले, तर ती म्हणाली, "जने, पेन्सिल लावली नसती तर तुला हार तरी कोणी घातला असता गो?" थोबाडीत मारावीशी वाटली. खरं बोलणाऱ्या माणसाच्या नेहमीच मारावीशी वाटते. पुढे भिकाजी माझ्या वणांना सरावला, मी त्याच्या दारूला, आणि संसार झाला.

तिनं स्थळासाठी स्वतःचा फोटो काढून घेतला तेव्हा मात्र पेन्सिल हातात धरली नाही. रंगानं ती काळी, दात पुढे. "आहे तशी जाऊ दे," म्हणाली. फोटो गेला तसा परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. मग पाठवणंच बंद केलं. मी तिला हट्टी म्हणायचे, अजूनही म्हणते.

रंगीत फिल्म आली आणि तिचं काम संपलं. निगेटिव्ह झाली टपालाच्या तिकिटाएवढी, तिच्यावर पेन्सिल चालेना. आप्पांनी तिला घरी बसवलं. तेव्हापासून ती ब्लाउज आणि परकर शिवते. उजेडाच्या काचेत बघून बघून डोळे अधू झालेले, त्यात पुढे मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "काय बघायचं राहिलंय माझं?"

आप्पा गेले, स्टुडिओला कुलूप लागलं. मध्यंतरी त्यांचा नातू सलिल पुण्याची नोकरी सोडून आला आणि त्यानं ते कुलूप काढलं. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म परत आली आहे म्हणे. शहरातली पोरं आजोबांचे कॅमेरे गळ्यात अडकवून त्याच्या शिबिराला यायला लागली. एकेक रोल जपून वापरतात, अंधाऱ्या खोलीत जाऊन हात काळे करून घेतात. मी पुष्कळ चेष्टा केली. पण एक दिवस त्यानं आम्हा दोघींना सड्याच्या उघड्या माळावरच्या ओल्या कातळाचा फोटो दाखवला, आणि माझं तोंड बंद झालं. एका करड्या रंगात किती रंग होते! सावलीतला काळासुद्धा एकच काळा नव्हता, आणि फोटोला असा रवाळ पोत, की कातळावर हात फिरवावासा वाटावा. नातीच्या मोबाइलमध्ये सगळं कसं इस्त्री केलेलं दिसतं, तसं इथं नव्हतं. पोरगा मनापासून करत होता, हे मी नाकारणार नाही.

"फिल्म खोटं बोलत नाही, आत्या," तो म्हणाला.

उल्का फिसकन हसली. मीही हसले. का हसलो ते त्यानं विचारलं नाही.

आप्पांच्या पत्र्याच्या डब्यांतल्या निगेटिव्ह त्याला सापडल्या होत्या. घरोघरचे फोटो इथल्या दमट हवेनं कधीच खाल्ले, माझाही गेला. निगेटिव्ह तेवढ्या उरलेल्या. त्यांचं प्रदर्शन भरवायचं त्यानं ठरवलं, तेव्हा उल्का आपण होऊन त्याच्याकडे गेली.

"ही तोंडं माझ्या हातची आहेत. रिटचिंग मी करायचे. खाली नाव घालशील माझं?"

"म्हणजे काय आत्या! प्रत्येक फोटोखाली घालतो."

आता कोणाचं लग्न मोडायचं राहिलं नव्हतं. फोटोतल्या पोरी आज्या झाल्या होत्या, काही तर गेल्याही होत्या. उल्का घरी आली आणि मला म्हणाली, "जने, डोळा करून घेते. मला ते नीट बघायचंय." जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं होतं आणि ते मिळणार होतं. ऑपरेशनला मीच बरोबर गेले. नंतर ती हिरवी पट्टी लावून अंगणात बसायची आणि कुठल्या पोरीच्या तोंडावर काय काम केलं होतं ते मला सांगायची. अशी बडबडी उल्का मी शाळेनंतर पाहिली नव्हती.

प्रदर्शनाला आम्ही रिक्षानं गेलो. दारातल्या पहिल्याच फोटोपाशी ती थांबली. मग दुसऱ्यापाशी. तिसऱ्यापाशी तिनं चष्मा पुसला. मला काही कळेना. मग आम्ही कोपऱ्यावर वळलो आणि समोर माझंच तोंड आलं, दरवाजाएवढं. एकूण एक वण जागच्या जागी.

सलिल लगबगीनं आला. "आत्या, काय अवस्था होती निगेटिव्हची! बुरशी तर होतीच, शिवाय सगळ्यांच्या तोंडावर काळपट काजळी बसलेली. औषधात कापूस भिजवून एकेक पुसून काढली. बघा, खाली काय चेहरे निघाले!"

"ती काजळी नव्हती," उल्का म्हणाली. "माझी पेन्सिल होती."

त्याचं तोंड क्षणभर उतरलं. रिटचिंग म्हणजे छापलेल्या कागदावरचे ठिपके ब्रशनं बुजवणं, एवढंच त्याला कुठल्याशा शिबिरात शिकवलेलं. बाई गावात जिवंत बसली होती, विचारायला काय जात होतं? पण उतरलेलं तोंड लगेच खुललंही.

"पण आत्या, हे जास्त खरं आहे ना!"

प्रत्येक फोटोखाली पाटी होती. वर आप्पांचं नाव, खाली 'रिटचिंग : उल्का शिवलकर'. पोरानं शब्द पाळला होता. माझ्या फोटोपुढे दोन बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं पाटी मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "रिटचिंग केलंन म्हणे! मग एवढे वण काय डोळे मिटून ठेवलेन?" दुसरी खिदळली. मी फिरून उत्तर देणार, तेवढ्यात उल्कानं माझा दंड धरला. मग ती सलिलकडे वळली.

"सलिल, नाव काढ माझं. सगळ्या पाट्यांवरचं. आत्ता."

"आत्या, इतका विनय बरा नव्हे!" असं म्हणून त्यानं माईक घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, की ज्यांनी जन्मभर पडद्याआड काम केलं त्या उल्काआत्या आजही म्हणतात, माझं नाव नको. अशी माणसं आता कुठे मिळतात? लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघी बायकांनीही वाजवल्या.

घरी आल्यावर ती गडग्यावर टेकली आणि रडली. "दिसू नये म्हणून जन्मभर केलं गो जने. आता काय दिसतंय बघ." माझं तोंड गावानं पाहिलं त्याचं मला काही नाही, ते रोजच पाहतात. पण हिच्याजवळ दाखवण्यासारखं एवढं एकच होतं, आणि ते त्या पोरानं कापसानं पुसून टाकलं, तेही प्रेमानं. शिव्या तरी कोणत्या तोंडानं घालायच्या?

दुसऱ्या दिवशी मी सलिलकडे जाऊन चांगली भांडले. त्यानं ऐकून घेतलं, दोनदा सॉरी म्हणाला. पण पाट्या छापून झाल्यात, म्हणाला, आणि आत्यांना श्रेय मिळायलाच हवं. प्रदर्शन आता पुण्याला गेलंय. माझं तोंड तिथं भिंतीला टांगलंय आणि खाली हिचं नाव आहे. पुण्याची माणसं तर पाटी वाचल्याशिवाय पुढं सरकत नाहीत.