सूटवाली बाय

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या अंगात सूट होता. मुलुंडला एका जुन्या विद्यार्थ्याचं लग्न होतं, दुपारच्या पंगती चालल्या होत्या, आणि मी एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात टायचं टोक धरून, ते आमटीत बुडणार नाही अशा बेताने उभा होतो. फोन मृदुलाचा होता, माझ्या पुतणीचा. "काका, आई गेली..." एवढंच म्हणाली. सकाळी वहिनीने नेहमीसारखं तिचं दुकान उघडलं, दोन गिऱ्हाइकं केली, जरा दमल्यासारखं वाटतंय म्हणून खुर्चीत टेकली, ती उठलीच नाही. मी ताट तसंच ठेवलं आणि मिळेल ती रिक्षा पकडून अंधेरीला निघालो. पवईच्या तलावाशी आल्यावर लक्षात आलं, की आपण मयताच्या घरी चाललोय आणि अंगावर गडद निळा सूट, मरून टाय आणि कॉलरला लग्नघरचं गुलाबाचं फूल आहे. फूल तेवढं काढून खिशात ठेवलं. बाकीच्याचं काय करणार?

घरापुढे माणसं जमली होती. साधे सदरे, साध्या साड्या, आणि त्यांच्यात मी, नवरदेवाच्या मामासारखा. सगळ्यांच्या नजरा बोलत होत्या. मृदुला बाहेर आली, तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "काका, बरं झालं असेच आलात. आईने टायची गाठ तेवढी सरळ केली असती." मग तिनेच ती सरळ केली. मी दिवसभर कोट काढला नाही. त्याच कोटाच्या खांद्यावर वहिनीला नेलं. मागे चालणाऱ्या माणसांत कितीतरी जण असे होते, ज्यांच्या छातीचं आणि कमरेचं माप तिला तोंडपाठ होतं.

त्याला आता तीन आठवडे झाले. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या वाटेवर वहिनीचं दुकान आहे. बाहेर पाटी आहे, 'सर्व प्रसंगांसाठी सूट भाड्याने मिळतील'. पाटी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. आमचे वडील गिरणीत होते. दादा शिवणकामात पडला, आणि कोट बेतण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. पण कोट शिवून घेणारी माणसं थोडी, आणि एका दिवसापुरता कोट हवा असणारी पुष्कळ, हे त्याच्या लवकर ध्यानात आलं. वहिनी लग्न होऊन आली ती मालवणच्या बाजूच्या एका वाडीतून. तिथे दुपारी पुरुषाच्या अंगावर सदरा असला तरी खूप. दादा तिला पहिल्यांदा दुकान दाखवायला घेऊन गेला तेव्हा रांगेने लटकलेले कोट बघून ती उंबऱ्यातच थबकली आणि म्हणाली, "एवढ्या माणसांचे कपडे हयसर, आणि माणसां खंय गेली?" दादा हे येईल त्या पाहुण्याला सांगायचा आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

पुढे काही वर्षांनी दादाला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय फरफटत का होईना चालू लागला, पण उजवा हात गेला. कात्रीचा हात. मी तेव्हा कांदिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. मी वहिनीला म्हटलं, "दुकान देऊन टाकू कुणालातरी. तू कशी चालवणार? सगळी गिऱ्हाइकं पुरुष." ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "भाऊजी, पुरुषांचे कपडे आजवर धुतले कुणी, वाळवले कुणी, बटणं कुणी लावली? आता अंगावर चढवायचे तेवढे राहिलेत." दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा टेप गळ्यात अडकवून ती दुकानात जाऊन बसली.

त्या रविवारी मीही गेलो होतो, काळजीने. एक तरुण आला. त्याला पवईच्या एका कंपनीत मुलाखतीला जायचं होतं. दुकानात बाई बघून तो परत वळायला लागला. "शेठ नाहीत?"

"मीच शेठ. हात वर कर."

तो इतका दचकला की त्याने दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. वहिनीने छाती, खांदा, बाही मापली. त्याची नजर चकाकत्या काळ्या कोटावर खिळली होती. "तो द्या ना. एकदम झकास वाटेल." वहिनी म्हणाली, "नोकरी मागायला चाललास की मुलगी? तो घालून गेलास तर तू दारातून आत जायच्या आधी तुझा कोट आत जाईल. सूट माणसाच्या आधी बोलता कामा नये." तिने साधा नेव्ही ब्लू काढला, वर पांढरा सदरा आणि बारीक रेघांचा टाय. मग त्याला खुर्चीत बसायला लावलं, उठायला लावलं, पाणी प्यायला लावलं. "बसताना कोटाचं बटण सोडायचं, उठताना लावायचं. तेवढ्या दोन क्षणांत श्वास घेऊन होतो." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दादाच्या पाठीमागे बसून तिने अनेक वर्षं माणसं बघितली होती, तेवढंच. तो मुलगा पेढे घेऊन आला तेव्हा ती मला म्हणाली, "बघितलंत? नोकरी त्याने मिळवली. कोट गप्प बसला."

तेव्हापासून माझा रविवार त्या दुकानातच जाऊ लागला. तिचे कायदे मला पाठ झाले. नवरदेवाने चमकावं, त्याच्या काकाने नाही. फोटो काढायचा असेल तर चौकडी नको, माणूस खिडकीच्या जाळीमागे बसल्यासारखा दिसतो. पोट सुटलं असेल तर कोट मोठा करून उपयोग नाही, पँट वर ओढा. एका जाडजूड नवरदेवाला तिने तोंडावर सांगितलं होतं, "लग्नाला महिना आहे ना? मग मी तुझं आत्ताचं माप घेते. आता तू तेवढाच राहा." गिऱ्हाईक चिडायचं नाही. तिच्या बोलण्यात टोचणी असायची, पण हात असा चालायचा, की जणू पाठीवरून मायेनेच फिरतोय.

मरोळच्या गावठाणातली ख्रिस्ती माणसं तिची खास गिऱ्हाइकं. तिला 'सूटवाली बाय' हे नाव त्यांनीच दिलं. त्यांच्यात एक पास्कूकाका होते. पासष्टी ओलांडलेले, एकेकाळी भातशेती केलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गावठाणात कुणीही गेलं की ते मयताला जायचे आणि दर वेळी तोच करड्या रंगाचा सूट न्यायचे. ते दारात दिसले की वहिनी विचारायची, "कोण गेलं?" आणि उत्तर येईपर्यंत करडा सूट काढूनही ठेवायची.

एकदा ते आले, तिने नेहमीप्रमाणे विचारलं, आणि ते नुसते उभे. टोपी हातात फिरवत. "कोनी नाय गेलं बाय," शेवटी म्हणाले. "लगीन हाय."

"अरे वा! कुणाचं?"

"...माजंच."

मी पेपर खाली ठेवला. वहिनीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग सरळ खुर्ची पुढे केली. हळूहळू सगळं बाहेर आलं. रोझी नावाची एक विधवा बाई होती, त्यांच्याच वयाची, शेजारच्या गल्लीत राहणारी. दोघं आजारपणात एकमेकांना पेज नेऊन द्यायची. पण थोरला मुलगा चिडला होता. या वयात बापाचं लग्न म्हणजे लोक हसतील, मी येणार नाही, असं त्याने सांगून टाकलं होतं. "म्हनून तोच दे बाय, करडा. कोनाला दिसाया नको. गुपचूप जाऊन येतो."

वहिनीने करडा सूट उचलला आणि परत आत टांगला. "मयताचा सूट घालून लग्नाला उभे राहणार? ती बाई काय पाप करून आलीय?" मग तिने वरच्या फळीवरून फिक्या निळ्या रंगाचा सूट काढला, उन्हातल्या आभाळासारखा. पास्कूकाका घाबरले. "यो नको. लोक हसतील."

"हसू देत की. लग्नात हसायचंच असतं. आणि कोण वाईट हसलं तर मी आहे ना. येते मी लग्नाला."

आणि ती खरंच गेली, मला घेऊन. चर्चमध्ये ती जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकत होती. गावठाणातले लोक त्याला देऊळच म्हणतात, त्यामुळे तिने चपला बाहेर काढल्या. अख्ख्या दाराबाहेर तेवढा एकच जोड. फिक्या निळ्या सुटात पास्कूकाका पुढे उभे होते, ताठ, दाढी गुळगुळीत, आणि खरं सांगतो, दहा वर्षांनी तरुण दिसत होते. रोझीबाई त्यांच्याकडे बघून लाजली, आणि ती लाजलेली बघून पाठच्या बाकांवरच्या बायका खुदखुदल्या. कुणी वाईट हसलं नाही. प्रार्थना सुरू व्हायच्या बेतात असताना मागे पावलं वाजली. थोरला मुलगा. तो मधल्या वाटेने थेट बापापर्यंत गेला, समोर उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "पप्पा... तुमी किती बरे दिसता." मग तिथेच, त्यांच्या बाजूला उभा राहिला. वहिनीने पदराचं टोक तोंडावर धरलं. हसत होती की रडत, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

सोमवारी पास्कूकाका सूट परत द्यायला आले. इस्त्री करून, पेपरात गुंडाळून आणला होता. पण पुडकं काही हातातून सोडवेना. वहिनीने ते त्यांच्याकडेच ढकललं. "घेऊन जा. आम्ही सूट भाड्याने देतो, नवरदेव नाही." दादाला घरी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अशाने दुकान बुडवशील," आणि मग स्वतःच खूश होऊन डाव्या हाताने मांडीवर थाप मारली.

दादाचीही एक गोष्ट सांगायला हवी. त्याने जन्मभर लोकांचे कोट बेतले, पण स्वतः कधी घातला नाही. मृदुलाचं लग्न ठरलं तेव्हा वहिनी म्हणाली, "आता तुमचा एक होऊ दे." दादा उखडला. "लुळ्या हाताला कोट कसला? बाहीत हात शिरत नाही. मी मागे खुर्चीवर बसेन, सदरा घालून." वहिनी गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला माहीत होतं.

दोन दिवसांनी ती दादाला म्हणाली, "अहो, एक गिऱ्हाईक आलंय. उजवा हात उचलत नाही बिचाऱ्याचा. मुलीचं लग्न आहे. बाही कशी बेतू?" आणि दादा उठून बसला! कितीतरी दिवसांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. त्याने डोळे मिटून विचार केला. "बगलेपासून मनगटापर्यंत खालची शिवण उघडी ठेव. आतून टिचबटणं लाव. हात बाहीत घालायचाच नाही, बाही हातावर ठेवायची आणि मिटायची. अस्तर गुळगुळीत घे, हाताला टोचता कामा नये." मग रोज विचारायचा, "काय गं, त्या गिऱ्हाइकाचं कुठवर आलं?" आणि ती रोज सांगायची, "आज बाही जोडली," "आज कॉलर बसवली." कापलं तिने, शिवलं तिने. मापं घेतली नाहीत. नवऱ्याचं माप घ्यायला टेप कशाला लागतो?

लग्नाच्या सकाळी तिने तो कोट आणून दादापुढे धरला. "घ्या. तुमच्या गिऱ्हाइकाला बसतो का, तुमचं तुम्हीच सांगा." दादा बघतच राहिला. आम्ही दोघांनी मिळून त्याला कोट चढवला. बाही हातावर ठेवली, मिटली, टिचबटणं एकेक करून लागली... टिक, टिक, टिक. त्याला आरशासमोर उभं केलं. त्याने डाव्या हाताने कॉलर चाचपली, खांदे निरखले. मग घसा खाकरून, अस्सल कारागिराच्या आवाजात म्हणाला, "डावा खांदा अर्धं बोट सैल आहे."

"गिऱ्हाइकाने जेवण वाढवावं," वहिनी म्हणाली.

तो दिवसभर मांडवाच्या दारात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करत होता. मागची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. त्यानंतर तो चार वर्षं जगला, आणि प्रत्येक लग्नमुंजीला तोच कोट घालून जायचा. तो गेल्यावरही वहिनीने दुकान एक दिवस जास्त बंद ठेवलं नाही. म्हणायची, "लोकांच्या तारखा ठरलेल्या असतात, भाऊजी. आपलं दुःख त्यांनी का थांबून बघावं?"

वहिनीचे दिवस झाल्यावर मृदुला आणि मी दुकानात गेलो. दुकान तीच चालवणार आहे. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार. सगळे सूट एकदा उन्हात घालावेत, म्हणून एकेक खाली काढायला घेतला. मृदुलाने एका नेव्ही ब्लू कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक चिमुकली पुडी बाहेर काढली. खडीसाखर. दुसऱ्या नेव्ही ब्लूमध्येही तीच. मुलाखतीला जाणाऱ्याचा घसा सुकतो म्हणून. मग आम्ही सगळेच खिसे बघत सुटलो. नवरदेवांच्या कोटात दोन सेफ्टी पिना आणि एक लवंग. काकामामांच्या ऐसपैस सुटांत ओव्याची पुडी, पंगतीनंतरची सोय. आणि मयताला जायच्या सुटांत घडी घातलेले, इस्त्री केलेले रुमाल. प्रत्येक खिशात दोन. एक स्वतःसाठी आणि एक शेजारी उभा असेल त्याच्यासाठी. मी इतके रविवार त्या दुकानात काढले, आणि मला पत्ता नव्हता. गिऱ्हाइकांपैकी कुणी कधी बोललं नाही. ज्याला मिळालं त्याला वाटलं असेल, आधीच्या कुणाचं तरी राहून गेलं.

आम्ही खाली फरशीवरच बसलो, कोटांच्या ढिगात, आणि एकेक खिसा उघडून मोठमोठ्याने हसत राहिलो. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. एक मुलगा, हातात फाईल, चेहरा उतरलेला. सोमवारी मुलाखत होती. मृदुला उठली, टेप गळ्यात घातला. "हात वर कर," म्हणाली. मापं घेतली, कोट निवडला, तो झटकून आतला खिसा तपासला. पुडी मघाशी आम्हीच फोडून खाल्ली होती.

"काका," ती मागे न वळता म्हणाली, "खडीसाखर संपली."

मी पिशवी घेतली आणि वाण्याकडे निघालो.