आमच्याकडे तर उघडते

स्कॅन सेंटरच्या तळघरात, जिन्याखालच्या खोलीत सीडीमास्तर एकोणीस वर्षं सीडी भरत बसले होते. वरच्या मशीनमध्ये कुणाच्या डोक्याचे, कुणाच्या पाठीचे फोटो निघत, तारेतून खाली येत आणि मास्तर ते सीडीवर भरून वर काउंटरला पाठवत. सीडीमास्तर हे नाव कुणीतरी चेष्टेनं पाडलं होतं, पण त्यांनी ते मानाचं म्हणून घेतलं.

कॉम्प्युटर जुना होता आणि बदलता येत नव्हता. स्कॅनच्या मशीनचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय दुसऱ्या कशावर चालतच नव्हतं. सुरू व्हायला तो अकरा मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात मास्तर टेबल पुसत, कोऱ्या सीडींचा डबा उघडत आणि दारात जो येईल त्याला "थांबा" म्हणत. वर डॉक्टर होते, मॅनेजर होता, तिथे मास्तरांना कुणी विचारत नव्हतं. इथे मात्र भल्याभल्यांना उभं राहावं लागे.

त्यांचा एक नियम होता. सीडी भरून झाली की ती परत आत सरकवायची, शेवटचा फोटो उघडून बघायचा आणि वहीत बरोबरची खूण करायची. प्रत्येक सीडीची दुसरी प्रत कपाटात जायची. न तपासता एकही सीडी त्यांच्या हातून गेली नाही, हे ते येईल त्याला ऐकवत.

मग सीडी परत यायला लागल्या. बहुतेकांचं छापील रिपोर्टवरच भागे, त्यामुळे आधी महिन्यातून एखादी, पुढे आठवड्याला दोन-तीन. पेशंट म्हणत, मोठ्या डॉक्टरांकडे ही उघडतच नाही, कोरी दाखवते. मास्तर ती सीडी आपल्या कॉम्प्युटरमध्ये घालत. फोटो दिसत. मग ते स्क्रीन पेशंटकडे वळवत आणि म्हणत, "आमच्याकडे तर उघडते."

माणूस ओशाळून निघून जायचा.

पण मनातून मास्तर अस्वस्थ झाले होते. त्यांनी भरण्याचा वेग कमी केला, अठ्ठेचाळीस पटीवरून थेट आठ पटीवर आणला. सीडी भरताना बाकीचे सगळे प्रोग्राम बंद ठेवले. सीडी भरणाऱ्या ड्राइव्हचं भिंग कापसानं पुसलं, आतली पट्टीसारखी तार बदलली, स्वस्तातल्या सीडींचा डबा परत पाठवून चांगल्या मागवल्या. प्रत्येक बदलानंतर सीडी भरून पाहिली आणि प्रत्येक वेळी ती त्यांच्या कॉम्प्युटरवर सुरळीत उघडली. आता यात आपली चूक उरलीच कुठे?

काउंटरवर एक बाई होती. तिशीतली, मोजकं बोलणारी. सगळे तिला ताई म्हणत. सीडीवर आणि कपाटातल्या प्रतीवर पेनानं पेशंटचं नाव आणि तारीख घालायची, सीडी पाकिटात भरायची, हे काम तिचं. परत आलेल्या लोकांची बोलणीही तीच खायची.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती खाली आली. "मास्तर, रागावू नका. ही सीडी मी समोरच्या औषधाच्या दुकानात लावून पाहिली. तिथे नाही उघडली."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. म्हटलं, आपण आपल्याच कॉम्प्युटरवर बघतो. एकदा दुसरीकडे बघितलं तर कळेल."

मास्तर हसले. "बाई, तुम्ही नावं लिहा. अक्षर बरं आहे तुमचं, तेवढं सांभाळा. गोळ्या विकणाऱ्याच्या डबड्यावर माझं काम तपासायचे दिवस अजून आले नाहीत."

ती सीडी घेऊन जिना चढू लागली. खोलीत तेव्हा झाडूवालीही होती. मास्तरांनी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला, आणि ताईंनी ते जिन्यावरून पाहिलं.

त्याच दिवसांत शिंपीकाका येऊ लागले. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. त्यांच्या बायकोच्या डोक्यात गाठ निघाली होती. दूरच्या शहरात एक मोठे डॉक्टर होते, ते फोटो बघून ऑपरेशनचं ठरवणार होते. म्हातारा-म्हातारी सात तास बसमध्ये बसून गेली. सीडी उघडली नाही. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली.

"साहेब, दुसरी भरून द्याल का?" शिंपीकाकांनी विचारलं.

मास्तरांनी जुनी सीडी लावून स्क्रीन वळवली. "काय दिसतंय?"

"मला त्यातलं काय कळणार."

"डोकं दिसतंय ना? मग सीडीत काय वाईट आहे? त्यांच्या कॉम्प्युटरला सांगा नीट वागायला."

तरी उपकार केल्यासारखी त्यांनी दुसरी सीडी भरली, तपासली, खूण केली. तीन आठवड्यांनी तीही उघडली नाही. शिंपीकाका पुन्हा आले तेव्हा मास्तर जेवत होते. डबा न झाकताच ते म्हणाले, "आजोबा, सीडी उन्हात ठेवता, पिशवीत भांड्यांखाली दाबता, आणि मग आमच्या नावानं बोंब मारता. नवीन पाहिजे तर अर्ज लिहा. वर मिळेल."

अर्ज ताईंनी लिहून दिला. तिसरी सीडी गेली. त्यानंतर दोन महिने शिंपीकाका दिसले नाहीत. मग एका सकाळी ते एकटेच जिना उतरून आले आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

"ही परत घ्या. आता लागत नाही. ती गेली."

मास्तर गडबडले. अशा वेळी माणूस काय म्हणतो, ते त्यांना ठाऊक होतं. पण त्यांचे हात सवयीनं चालले. त्यांनी पाकिटातून सीडी काढली, आत सरकवली, थोडा वेळ घरघर झाली आणि स्क्रीनवर म्हातारीचं नाव आणि तिचं डोकं आलं.

"चांगली आहे की," मास्तर म्हणाले.

शिंपीकाका स्क्रीनकडे बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंडावर धरला आणि भिंतीला हात लावत लावत जिना चढून गेले. म्हातारी सीडीमुळे गेली असं कुणी म्हणालं नाही. गाठच तशी होती, असंही कुणी ठामपणे म्हणालं नाही.

पंधरा दिवसांनी त्या मोठ्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलचं पत्र आलं. तुमच्याकडच्या सव्वीस सीडी आमच्याकडे उघडल्या नाहीत, खुलासा करा. मॅनेजरनं मास्तरांना वर बोलावलं आणि सायंकाळपर्यंत कारण लिहून द्यायला सांगितलं.

मास्तरांनी खूप विचार केला. भरण्यात दोष नाही, हे तर वहीतच होतं. मग उरलं काय? सीडी त्यांच्या हातून सुटल्यावर कुणाच्या हातात जाते? त्यांनी लिहिलं की काउंटरवर नाव घालताना जाड पेनाची शाई सीडीत झिरपत असावी, बोटांचे डागही पडत असावेत. सही करताना त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. काउंटरवरील कर्मचारी पेशंटची सीडी परवानगीशिवाय बाहेरच्या दुकानात नेते, असंही त्यांनी खाली जोडलं.

मॅनेजरला खापर फोडायला डोकं हवंच होतं. त्यानं ताईंना सगळ्यांसमोर विचारलं, "सीडी बाहेर नेली होती का?"

"नेली होती. बघायला नेली होती. मास्तरांना सांगितलंही होतं."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "सांगितलं होतं. नेल्यानंतर."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. ताईंनी त्याच दिवशी काउंटरचा खण रिकामा केला. कंगवा, पाण्याची बाटली, मुलीचा फोटो. बाहेर पडताना ती जिन्याशी थांबली, पण खाली आली नाही.

ती गेल्यावरही सीडी परत येत राहिल्या. मास्तरांनी त्याचं कारण हवेतला दमटपणा असं सांगितलं. मग एका दुपारी ड्राइव्हनं मान टाकली. ट्रे बाहेर आला तो आत जाईना. मॅनेजरनं नवा ड्राइव्ह आणवला आणि मास्तरांनी स्वतः बसवला. चालतो का बघावं म्हणून त्यांनी कपाटातली कालची प्रत आत घातली.

कोरी दाखवली.

परवाची घातली. तीही कोरी. मास्तर खुर्ची ओढून कपाटासमोर बसले आणि एकेक आठवडा मागे जात राहिले. एकही उघडेना. सात महिने मागे गेल्यावर पहिली सीडी उघडली, आणि तिच्या मागच्या सगळ्या उघडल्या. त्यांना सगळं उमगलं. जुन्या ड्राइव्हच्या आतला लेझरचा किरण जागेवरून किंचित सरकला होता. तो वाकडं लिहायचा आणि स्वतःचं वाकडं स्वतःच वाचायचा. जगात दुसऱ्या कुणालाही ते वाचता येत नव्हतं. कॉम्प्युटरवरचे मूळ फोटो जागेअभावी दर महिन्याला पुसले जायचे. म्हणजे शेवटचा महिना सोडला तर त्या सात महिन्यांतल्या लोकांचं आता काहीच उरलं नव्हतं.

ते वर गेले आणि मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरनं दार लावून घेतलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मलाच."

"तुमची सही असलेला खुलासा त्या हॉस्पिटलला गेलाय, मास्तर. आता काय लिहायचं, की आमचा माणूस सात महिने आंधळा होता? कपाट रिकामं करा. नवीन ड्राइव्ह आलाय ना? झालं तर मग."

"आणि ताई?"

"तुम्हीच लिहिलं होतं ना तिच्याबद्दल? मी नव्हतं लिहिलं."

मास्तरांनी तीन दिवस कात्रीनं सीडी कापल्या. कडक होत्या, अंगठ्याला फोड आले. बहुतेकींवर ताईंच्या हातचं नाव होतं, त्यामुळे वाचायचं नाही म्हटलं तरी वाचलं जात होतं.

रविवारी ते ताईंच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढच्या खोलीत सासू भाजी निवडत होती, नवरा इस्त्री करत होता. ताईंनी बसा म्हटलं नाही. मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगितलं, की दोष ड्राइव्हचा होता.

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता हेच यांना सांगा. आई, इकडे बघा. दोन महिने तुम्ही मला म्हणताय ना, धड नाव लिहायचं काम जमलं नाही म्हणून."

मास्तरांनी सासूला सांगितलं. मग नवऱ्याला सांगितलं. मग ताईंनी आतून मुलीला बोलावलं, आठ वर्षांची होती, आणि म्हणाली, "हिलाही सांगा. हिला कळेल असं सांगा." मास्तरांनी तिलाही सांगितलं.

"आता हे सेंटरला लिहून द्याल?"

"तसं नाही करता येणार. माझी नोकरीची सहा वर्षं राहिलीत."

"मग आलात कशाला?"

"मनावर ओझं होतं, ताई."

"आणि ते टाकायला माझं घर सापडलं."

नवऱ्यानं इस्त्री बाजूला ठेवली आणि दार उघडून धरलं. घरी जाऊन मास्तर बायकोला म्हणाले, "एवढं लांब गेलो, पाणीसुद्धा विचारलं नाही." मात्र त्यांना हलकं वाटत होतं. सांगायचं ते सांगून झालं होतं, त्यांच्या लेखी ते फिटलं.

पुढच्या महिन्यात तळघरातला फोन वाजला. वरचा फोन कुणी उचलत नव्हतं म्हणून तो खाली आला होता. दुसऱ्या एका तपासणी केंद्रातून एक बाई बोलत होती. तुमच्याकडे काउंटरवर काम केलेल्या एकीनं आमच्याकडे अर्ज केलाय, बाई कशी आहे, तुमच्याकडून का गेली, एवढं कळलं तर बरं होईल.

खोलीत मास्तरांशिवाय कुणी नव्हतं. नव्या ड्राइव्हमध्ये सीडी भरली जात होती, अजून चार मिनिटं लागणार होती.

"ते मला सांगता येणार नाही," मास्तर म्हणाले. "मॅनेजरना विचारा."

"बरं. पण काही तक्रार होती का तिच्याबद्दल, एवढं तरी?"

मास्तरांनी ड्राइव्हच्या लुकलुकत्या दिव्याकडे पाहिलं. "होती," ते म्हणाले, आणि फोन खाली ठेवला.