धुण्याआधीची घडी

हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिला सगळे प्रश्नबाई म्हणत. वय बावन्न, गुडघे सत्तरीचे. कामाच्या जागी माणसं आपली श्रद्धा कुठे ठेवतात, या विषयावर तिचा प्रबंध सात वर्षं चालला होता. चालला कसला, रांगत होता. थोरली जाऊ विचारायची, देव सापडला का? ही म्हणायची, त्याने अजून फॉर्म भरून दिलेला नाही. मग दोघी हसायच्या आणि ही भाजी चिरायला बसायची.

हाती होते हॉस्पिटलच्या कामगारांनी भरलेले चारशे फॉर्म. 'कामात समाधान मिळते का?' या प्रश्नापुढे झाडून सगळ्यांनी 'होय'वर खूण केलेली, कारण फॉर्म सुपरवायझर गोळा करणार होता. ती अगदी कंटाळून गेली होती.

मग तिला मावशी दिसल्या. धुलाईघरातल्या सगळ्यांत जुन्या. मळक्या चादरी त्या मशीनमध्ये सरळ भिरकावत. पण माणूस गेल्याची चिठ्ठी लावलेली चादर वॉर्डातून आली, की तिची आधी नीट घडी घालत, तिच्यावर जरा हात ठेवत आणि मग धुवायला टाकत. धुवायच्या चादरीला घडी कशाला, असं हिने विचारलंच.

"देवबिव काही नाही गं," मावशी म्हणाल्या. "शेवटी त्याच्या अंगावर हीच होती ना."

हिला भरून आलं. लिहू का म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाल्या, लिही, पण नाव नको.

नाव तिने घातलं नाही. पण प्रबंध पुरा झाल्यावर त्याची एक प्रत हॉस्पिटलला द्यायची अट होती, आणि तिथल्या मोठ्या साहेबांनी नेमकं तेच पान वाचलं. महिन्याभरात भिंतीवर सूचना लागली: मृताच्या चादरीची घडी घालावी, दहा सेकंद मौन पाळावे, रजिस्टरमध्ये सही करावी. चांगल्याचं मातेरं करायला वेळ लागत नाही. सूचना काढा म्हणून ती साहेबांकडे गेली, तर त्यांनी तिचेच आभार मानले.

पाय ओढत ती धुलाईघरात गेली. मावशी घडीवर हात ठेवून पुटपुटत होत्या. आठ, नऊ, दहा.

"मावशी, माझं चुकलं."

"आधी त्या माणसाचा विचार यायचा गं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता दहा कधी होतात, याचा येतो."

त्यांनी चादर मशीनमध्ये टाकली आणि रजिस्टर पुढे ओढलं.

"तुझं पेन दे जरा. सही राहिलीय."

तिने दिलं.