खोटा पेशंट

रुग्णवाहिका किती वेळात येते ते तपासायला काल साहेब लोक गावात आले. त्यासाठी कुणीतरी आजारी हवा होता. सरपंच मला म्हणाले, "तात्या, खाटेवर आडवे व्हा. नुसतं कण्हायचं."

"मी धडधाकट आहे," मी म्हटलं.

मग गणपा शिंपी आडवा झाला. "कण्ह की जरा, फुकट झोपलास का?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. फोन लावला न लावला तोच गाडी हजर. सकाळपासून ती शाळेमागंच उभी होती. साहेबांनी घड्याळ बघून मान डोलावली.

मी चारच बुकं शिकलेला माणूस, पण आजार असा सांगून येत नाही एवढं मला कळतं. गेल्या श्रावणात हिला दम लागला, तेव्हा मी फाट्यावर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. "आली का गाडी?" तिनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी "आली" म्हणालो. गाडी आली तेव्हा विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

जाताना साहेबांनी कागद आणि शाईची डबी पुढं केली. "आजोबा, सेवा चांगली आहे म्हणून अंगठा द्या."

"सही येते मला," मी म्हटलं. "करणार नाही."