गुणवंतभाऊंनी शोधलेली जाळी

आमच्या बिल्डिंगीत गुणवंतभाऊंना सगळे नकाशेवाले म्हणतात. तळमजल्यावर राहतात. उभी हयात परळच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे गिरवण्यात गेली. रिटायर झाले तरी कानावरची पेन्सिल काही उतरली नाही. त्यांची बायको मनोरमा म्हणते, "झोपेतसुद्धा असते. एकदा माझ्याच गालाला टोचली."

चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घरात बसून मी हे लिहितेय, ते त्या पेन्सिलीच्या कृपेने.

दोन हजार सहाचा उन्हाळा. आमच्या ह्यांना छातीचं दुखणं होऊन गेलेलं आणि डोक्यावर गच्ची तापलेली. दुपारी भिंतीला हात लावला तर नुसता तवा. डॉक्टर म्हणाले, एवढा उकाडा ह्यांना सोसायचा नाही. एसी लावावा तर वायरमनने मान हलवली, जुन्या वायरी जळतील म्हणे. मुलगा यतीन नाशिकहून आला तो ठरवूनच.

"आई, घर विकू. तुम्ही दोघं चला माझ्याकडे."

मुलगा गुणाचा आहे, सूनही. पण लालबागच्या एका खोलीत नऊ माणसांत काढल्यावर मिळालेलं हे घर. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

भाऊ ह्यांना बघायला आले होते. म्हणाले, "यतीन, मला महिनाभर दे."

"महिन्यात ऊन कमी करणार काय, काका?"

"ऊन नाही रे. ही बिल्डिंग कशी बांधायची ठरली होती, ते बघतो."

माहिती अधिकाराचा कायदा तेव्हा नवाच होता. दहा रुपयांचा स्टँप लावून भाऊंनी महापालिकेत अर्ज दिला. मग जुन्या दफ्तरात दिवसचे दिवस बसून त्र्याऐंशी सालचा मंजूर नकाशा शोधला. तिथल्या माणसांनी धूळ झटकत गठ्ठे काढून दिले, त्यांचंही भलं होवो. झेरॉक्स आमच्या टेबलावर पसरून भाऊंनी एका जागी पेन्सिल टेकवली.

"वहिनी, इथे छताखाली जाळी दाखवलीय. गरम हवा मागच्या डक्टात निघून जायला. तुमची कुठाय?"

मी वर बघितलं. तिथे माझं देवघर होतं, पार छतापर्यंत.

राहायला आल्यावर पहिलं काम मी तेच केलं होतं. एवढी छान भिंत आणि तिला वर भोक कशाला? विटा लावून बुजवून घेतलं. भाऊंनी मग नकाशा घेऊन सोळाही घरं पाहिली. कुणी माळा काढलेला, कुणी गोधड्यांची ट्रंक बसवलेली. खुद्द भाऊंच्या जाळीवर मनोरमाचे पापडाचे डबे! सगळे चाळीतून आलेले आम्ही, रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात.

भाऊंनी आधी स्वतःची जाळी उघडली. मग कुठल्या घरात काय काम करायचं ते कागदावर लिहून सोसायटीला दिलं: पहिल्यांदा पश्चिमेकडच्या जाळ्या, मग गच्चीला पांढरा चुना, वायरी त्यानंतर.

पण बावीस वर्षं बसलेले देव हलवायचे? मी दोन दिवस भाऊंशी बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून म्हणाले,

"वहिनी, देवांनाही उकडतच असेल. बिचारे बोलत नाहीत, एवढंच."

नारळ फोडला, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि देव समोरच्या भिंतीवर नेले. गवंड्याने विटा काढल्या तशी कबुतराची चार पिसं उडत आली आणि मागोमाग वारा. गच्चीला चुना लागल्यावर हे दुपारी घोरायला लागले. ते घोरणं ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

पुढच्या मे महिन्यात यतीन आला. जेवून तिथेच लवंडला. उठल्यावर विचारलं, "पंखा किती नंबरवर होता?"

"दोनवर."

वर जाळीकडे बघत बसला. घर विकायचं त्याने पुन्हा काढलं नाही.

भाऊंकडे माझी एकच तक्रार आहे. वाऱ्याने संध्याकाळचा दिवा टिकत नाही, हाताचा आडोसा धरावा लागतो.

"त्याला मी काय करू?" भाऊ म्हणतात. "नकाशात दिवा नव्हता, वहिनी."