फाइलला बाहेर जायचं होतं

हे किस्से सांगायला बसलो की पहिली शंका मला माझ्याबद्दलच येते. घडलेलं आठवतंय, की इतक्यांदा सांगून झालंय की सांगितलेलंच आठवतंय? मृदाशास्त्रात डॉक्टरेट केली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना बजावलं, "नोंद नसेल तर निरीक्षण धरू नका." आणि आता माझ्याकडे नोंद जेमतेम एक, किस्से मात्र ढीगभर! एखाद्या कपाटात जुन्या वायरी साचतात तसे हे साचत जातात. कुठली कशाची ते कळत नाही आणि टाकवतही नाहीत.

तर आधी माणसं सांगतो. निवृत्तीनंतर मी पुण्याजवळ भुकूमला राहायला आलो. तिथून पुढे माले गावात एका संस्थेचं शेतकरी प्रशिक्षण केंद्र होतं, तिथे आठवड्यातून दोनदा माती शिकवायला जायचो. बावधनहून मोघे मॅडम यायच्या, त्या आहार शिकवायच्या. केंद्र ज्यांच्या जागेत होतं ते तात्या रोज येऊन शेवटच्या रांगेत बसायचे, सगळे विषय ऐकायचे. आणि सुनंदा. ती मालेचीच, बी. एस्सी. झालेली. कार्यालय सांभाळायची, प्रोजेक्टर जोडायची, आमच्या फाइली लावून द्यायची.

सुनंदाला प्रशिक्षक व्हायचं होतं. सहा वर्षं ती हंगामी होती. जागा एकच निघणार होती आणि वयाची अट संपायला तिच्याकडे एक वर्ष उरलं होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे एक रीत होती. नवीन सादरीकरण कुणी करायचंच नाही! जुनी फाइल उघडायची, नाव बदलायचं, मजकूर खोडायचा, आपला भरायचा. सगळ्या फाइलींची पूर्वज एकच, माझी मातीची फाइल. तिला सगळे 'मूळ' म्हणायचे. मोघे मॅडमच्या नाचणीच्या लाडवांखाली दोन वर्षं 'मातीचा सामू', म्हणजे पीएच, असं येत होतं. कुणीही हरकत घेतली नाही.

आणि या सगळ्या फाइलींना एकच खोड होती. उघडल्या की त्यांना इंटरनेटवर जायचं असायचं.

•

केंद्रात नेट नव्हतं. मोबाइलला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. तरीही फाइल उघडली की चौकट यायची : 'या फाइलमध्ये बाहेरचे दुवे आहेत. अद्ययावत करायचे का?' सुनंदा न बघता 'नको' दाबायची.

एकदा ती रजेवर होती. मोघे मॅडमनी स्वतः फाइल लावली. चौकट आली. मॅडम म्हणाल्या, "अद्ययावत राहायला काय हरकत आहे?" आणि 'हो' दाबलं.

यंत्र जे बसलं ते उठेना. गोल फिरतंय, फिरतंय. पंचवीस बाया त्या गोलाकडे बघत बसल्या. तात्या मागून म्हणाले, "मॅडम, समदं आतच हाय म्हणता, मंग ह्याला भाईर कशाला जायाचंय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.  एवढा शिकलेला माणूस मी. "बहुधा सवय असेल," असं म्हणालो!

दुसऱ्या दिवशी सुनंदाला विचारलं, तू रोज काय करतेस? ती म्हणाली, "ती रोज इचारती, मी रोज न्हाई म्हणते. संसार चाललाय आमचा."

•

मोघे मॅडमनी नाचणीच्या आंबिलीचा व्हिडिओ फाइलमध्ये 'टाकला'. बावधनच्या घरी झकास चालला. मालेला आल्यावर पडद्यावर काळा चौकोन. व्हिडिओ फाइलमध्ये नव्हताच, तो नेटवरच होता. फाइलमध्ये होता फक्त त्याचा पत्ता.

मॅडम रडवेल्या झाल्या. मग पदर खोचला आणि काळ्या चौकोनासमोर उभं राहून अख्खा व्हिडिओ करून दाखवला. पातेलं हवेत, डाव हवेत, फुंकर मारणं खरं. "आता इथे संगीत वाजतं," हेसुद्धा सांगितलं.

शेवटी सुनंदानं अभिप्रायाचे कागद गोळा केले. अकरा जणींनी लिहिलं होतं, 'व्हिडिओ फार छान होता.' एकीनं लिहिलं होतं, 'चित्र थोडं अंधुक.'

•

पुढचा किस्सा माझा, म्हणून सांगताना अंगावर येतो.

माझ्या पावसाच्या फाइलमध्ये एक आलेख होता. त्याचे आकडे केंद्राच्या सामाईक नेट-फोल्डरमधल्या 'तक्ता १' या फाइलमधून यायचे. माझ्या घरी नेट असल्यामुळे चौकट आली की मी आज्ञाधारकपणे 'हो' दाबायचो. त्या सकाळीही दाबलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि न बघता मालेला गेलो.

मधल्या काळात मोघे मॅडमनी आमच्या रीतीप्रमाणे 'तक्ता १' उघडून, माझे आकडे खोडून, आपले भरले होते. नाव बदलायचं तेवढं राहिलं होतं.

मी पडद्याकडे पाठ करून बोलत होतो, "हे बघा, मुळशीचा पाऊस. सगळ्यात उंच खांब कुठला?"

वर्गातून एका सुरात उत्तर आलं, "हरभरा!"

वळून पाहिलं. वर ठळक अक्षरात 'मासिक पर्जन्यमान', खाली हरभरा, मूग, मटकी, नाचणी. उष्मांकांचे खांब ओळीनं उभे.

तात्या गंभीरपणे म्हणाले, "औंदा हरभरा लई पडला म्हनायचा. म्हनून छपरं फुटली!"

सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र दोन दिवस मला एकच विचार छळत होता. तीस वर्षांत असे किती आलेख मी पडद्याकडे पाठ करून दाखवले असतील?

•

शेवटी तात्यांनी इलाज आणला. भुकूमला त्यांच्या खोलीत एक भाडेकरू होता, नागपूरकडचा, आयटीत कामाला. त्याला रविवारी धरून मालेला आणलं.

तो म्हणाला, "काका, सिंपल आहे. फाइलची कॉपी करा, नावाच्या शेवटी झिप लिहा. आता उघडा." आणि माझी मातीची फाइल पिशवी उलटी करावी तशी उघडली. आत फोल्डर, फोल्डरात फोल्डर, बारीक इंग्रजी मजकूर. "प्रत्येक स्लाइडचा एक कागद असतो. त्यात 'एक्स्टर्नल' हा शब्द शोधायचा. जिथे सापडेल, तिथून ती बाहेर जाते. बस्स."

मी मान डोलावली. काही कळलं नव्हतं. पण माझ्या वयाला आणि पदवीला 'पुन्हा सांग' म्हणवेना. शेजारी सुनंदा मात्र वहीत उतरवून घेत होती आणि मधूनच विचारत होती, "आनि मंग पुन्हा फाइल कशी करायाची?"

मी त्याला विचारलं, "तुमच्या कंपनीत हे रोज तपासता?"

"नाही ना काका! आमच्याकडे नेट कायम असतं. फाइल कुठे जाते, काय करते, बघतंय कोण?"

तात्या जाताना त्याला म्हणाले, "मंग आमचंच बरं. आमची निदान इचारून तरी जाती!"

मी त्या दिवशी सगळ्यांना ठामपणे सांगितलं, "मूळ फाइलला काही झालेलं नाही. माझ्या घरी ती एका शब्दानं काही विचारत नाही. बिघाड नंतरच्या नकलांमध्ये आहे." हे खरं होतं. मातीची फाइल माझ्या घरी खरंच काही विचारत नसे.

•

मग तो दिवस आला. प्रशिक्षकाच्या जागेसाठी संस्थेची तीन माणसांची समिती यायची होती. सुनंदानं त्यांच्यासमोर अर्धा तास वर्ग घ्यायचा. विषय माती, फाइल माझी.

सकाळी ती दारातच भेटली. हातात पेनड्राइव्ह होता. ती म्हणाली, "सर, ती दुसरी..." निदान मला तसं वाटतं. की असं काही म्हणालीच नव्हती, मी मागाहून तिच्या तोंडी घातलं? काय उत्तर दिलं ते मात्र लख्ख आठवतं, कारण मी घाबरलेलो होतो आणि घाबरलो की माझा आवाज चढतो. "आज नवं काही नको. मूळच लाव."

तिनं मूळ लावली.

समिती पुण्याहून आली ती नेटचं छोटं यंत्र सोबत घेऊन; रेंजसाठी ते पाण्याच्या टाकीवर ठेवलं. त्यांना कुठलासा अर्ज तिथूनच भरायचा होता. सुनंदाच्या लॅपटॉपलाही त्यांनी ते जोडून दिलं. केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदाच फाइलला बाहेरचं दार उघडं मिळालं!

तिसऱ्या स्लाइडवर चौकट आली : नाव आणि पासवर्ड द्या. सुनंदानं ती मिटवली. पुन्हा आली. मिटवली, पुन्हा आली. चौकटीत बारीक अक्षरात कुठला तरी पत्ता होता. मी शेवटच्या रांगेत, तात्यांशेजारी. मला तो वाचता येत नव्हता. ती पडद्याला लागून उभी होती.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "ही फाइल कुणाची?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. 

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मूळ फाइल व्यवस्थित आहे. मधे कुणीतरी नेटवरून काहीतरी उचलून घातलेलं दिसतंय."

'कुणीतरी' म्हणालो. खोलीत फाइल हाताळणारं माणूस एकच होतं.

सुनंदानं प्रोजेक्टर बंद केला. बाहेर गेली, बांधावरची दोन ढेकळं घेऊन आली, एक समितीच्या टेबलावर ठेवलं, एक हातात फोडलं आणि उरलेली वीस मिनिटं तेवढ्यावर शिकवलं. इतका चांगला वर्ग मी कधी घेतलेला नाही. पण समितीच्या कागदावर शेरा पडला, 'तांत्रिक तयारी अपुरी.' जागा पुण्याच्या एका उमेदवाराला गेली. तो चार महिने टिकला.

संध्याकाळी कुलूप लावताना तात्यांनी विचारलं, "सर, तुमी बोलला ते खरं व्हतं?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजी?"

मी चपला शोधू लागलो.

पुढच्या वर्षी सुनंदाची वयाची अट संपली. तिनं केंद्र सोडलं आणि पौडला ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान टाकलं. जाताना तिनं कार्यालयाचा पेनड्राइव्ह मला दिला. म्हणाली, "तुमचं समदं ह्यात हाय, सर. बघा सवडीनं." पुढे केंद्रही बंद पडलं. पेनड्राइव्ह मी वायरींच्या कपाटात टाकला.

•

कित्येक वर्षांनी माझा जुना संगणक गेला आणि नवा आला. सहज म्हणून मूळ फाइल उघडली. तिसऱ्या स्लाइडवर तिनं मला नाव आणि पासवर्ड विचारला. माझ्याच घरात!

त्या भाडेकरूची युक्ती आता वाचून, चुकून, पुन्हा वाचून शिकलो. नावापुढे झिप लिहिलं. तिसऱ्या स्लाइडचा कागद उघडला. 'एक्स्टर्नल' हा शब्द एकदाच होता. पुढचा पत्ता माझ्या कॉलेजातल्या माझ्या विभागाचा. स्लाइडच्या कोपऱ्यातलं नखाएवढं बोधचिन्ह मी विभागाच्या नेटवरच्या पानावरून आणताना चित्र आणायच्या ऐवजी त्याचा पत्ताच आणला होता. जुन्या संगणकात माझा पासवर्ड कायमचा भरलेला, म्हणून घरी कधी विचारणा झाली नाही. फाइल बनवली तेव्हा सुनंदा केंद्रात आलेलीही नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो. पण नोंद असेल तर पूर्ण बघावी, म्हणून कपाटातून तो पेनड्राइव्ह काढला.

मूळच्या खाली आणखी एक फाइल होती. नाव, 'माती सरांची नेट नको'. घरचं नेट बंद केलं आणि ती उघडली. काही न विचारता उघडली. तिसऱ्या स्लाइडवर बोधचिन्ह होतं, जागच्या जागी, फाइलच्या आत. बाकी एक अक्षर बदललेलं नव्हतं. पहिल्या स्लाइडवर माझं नावही तसंच होतं.

मग फाइलची माहिती उघडली. शेवटचा बदल करणाऱ्याच्या जागी सुनंदाचं नाव होतं. समिती आली ती तारीख माझ्या जुन्या डायरीत होती, ती शेजारी ठेवून दोनदा ताडून पाहिली. बदल आदल्या दिवशीचा होता, दुपारी चार वाजून वीस मिनिटांचा.