एकसष्ट किलोंचे मास्तर

माप देताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकांची मास्तरांनी आयुष्यभर खिल्ली उडवली. टेप तसाच धरून ते म्हणायचे, "श्वास सोडा साहेब. पँट तुम्हाला घालायचीय, टेपला नाही." सदतीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलेल्या माणसाला एवढं बोलायचा हक्क असतोच. आणि याच माणसाने सोमवारी इस्पितळातल्या वजनकाट्यावर चढताना कोटाच्या आतल्या खिशांत दोन लोखंडी कात्र्या घातल्या होत्या.

शिवाय दोन स्वेटर, शिवाय जाडजूड बूट. काटा एकसष्टवर थांबला. सिस्टर घाईत होती. "कोट काढा काका," म्हणाली तर मास्तरांनी थंडी वाजल्याचं बेमालूम सोंग केलं. तिने आकडा लिहून घेतला आणि मास्तर बक्षीस मिळाल्यासारखे ताठ चालत बाहेर आले.

हा उद्योग हौसेचा नव्हता. आतड्यातली गाठ काढल्यापासून मास्तर वाळत चालले होते, आणि डॉक्टर बोलून गेले होते, "वजन आणखी उतरलं तर केमो पुढे ढकलावी लागेल." तेवढ्यात ती गाठ पुन्हा धरली तर? मास्तरांनी त्या दिवसापासून आरशात बघणंच सोडलं होतं.

गुरुवारी केमो. बुधवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत तयारी चालली होती. बायकोने पिशवी तिसऱ्यांदा रिकामी करून पुन्हा भरायला घेतली होती. मुलगी इस्पितळाचं माहितीपत्रक वाचून दाखवत होती आणि मास्तर स्वतःच्याच शर्टाला खांद्याजवळ टिचबटणं लावत होते, सुई टोचायला सोपं जावं म्हणून.

"थर्मामीटर घ्या. मऊ ब्रश घ्या," मुलीने वाचलं. "औषधाचा डोस रुग्णाची उंची आणि वजन यांवरून ठरवला जातो."

मास्तरांचा हात थांबला. "परत वाच."

"केमोआधीच बहिरे झालात का?" बायको म्हणाली.

मुलीने परत वाचलं. एकसष्ट किलोंच्या माणसासाठी मापलेलं विष उद्या त्यांच्या शिरेत जाणार होतं. जास्तीचं शरीरात कुठे जाऊन बसेल? काळजात? पाच मिनिटं खटपट केली तरी दोरा सुईत जाईना.

"समजा," ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, "एखाद्याचं वजन लिहिताना चुकलं तर?"

"चुकेल कसं, बाबा?"

बायकोने पिशवीतून मान वर केली. "काय करून ठेवलंत?"

"कुठे काय."

कोट, कात्र्या, स्वेटर, बूट असं सगळं बोचक्यात बांधून मास्तर शेजारच्या वाण्याकडे गेले आणि काट्यावर ठेवलं.

"संसार विकायला काढलाय का मास्तर?" वाणी म्हणाला. "चार किलो तीनशे."

मास्तरांनी मनात वजाबाकी केली. छप्पन्न किलो सातशे. बोचकं उचलून ते निघाले.

दुकानात येऊन त्यांनी पत्रकावरचा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. खरं सांगावं तर केमो लांबणार. न सांगावं तर छातीत काय होईल देव जाणे. दुसऱ्यांदाही कापला. तिसऱ्यांदा पलीकडून सिस्टरने उचलला.

"सिस्टर, मी टेलर मास्तर. सोमवारचा. माझं वजन एकसष्ट नाहीये."

"मग किती?"

"छप्पन्न सातशे. खिशात कात्र्या होत्या."

"कात्र्या कशाला, काका?"

"तुम्ही मला परत पाठवाल म्हणून."

"डोस उद्या इथे पुन्हा वजन करूनच ठरतो. पण सांगितलंत ते बरं केलंत. थांबा, डॉक्टरांना विचारते."

मास्तर रिसीव्हर कानाला धरून उभे राहिले. दुरून कुणाची तरी पावलं ऐकू आली, मग एक दार.

"काका? उद्या साडेआठला या. साध्या शर्टात. छप्पन्न सातशे चालेल म्हणाले डॉक्टर. डोस खऱ्या वजनावर ठरेल."

"म्हणजे होणार?"

"होणार."

हेच तर हवं होतं त्यांना. तरी ते मशीनपुढच्या बाकावर बसले ते उठेचनात. बायको दारात कधीची उभी होती.

"काय म्हणाली?"

"उद्याच आहे."

"मग असे काय बसलात?"

"भीती वाटतेय गं."

तेहतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"मलाही," ती म्हणाली. "सरका जरा तिकडे."

बाक एका माणसाचा होता. मास्तर सरकले.